मेंदूतल्या धमनीभोवतीचा प्रवाह: पिरिऑडिक बाउंड्री घेतली तर ३७ मायक्रॉन, खरी लांबी घेतली तर शून्य. काय धरायचं?

सायली_के

नमस्कार मंडळी. एमटेक मेकॅनिकलचा प्रोजेक्ट चालू आहे आणि एका ठिकाणी गाडी अडलीये, म्हणून धागा काढतेय.

विषय असा की मेंदूच्या पृष्ठभागावरच्या धमन्यांभोवती एक अरुंद पोकळी असते, पेरिव्हॅस्क्युलर स्पेस, पुढे नुसतं पीव्हीएस लिहिते, आणि त्या पोकळीतून सीएसएफ म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी वाहतं. हे पाणी कोण ढकलतं हा प्रश्न आहे. एक मत असं की धमनी ठोक्यागणिक फुगते-आकसते, ती लाट धमनीवरून पुढे सरकते आणि पाण्याला बरोबर घेऊन जाते, आतड्यात अन्न सरकतं त्या पद्धतीने, पेरिस्टॅल्सिस.

माझं मॉडेल उंदराचं आहे. धमनीची त्रिज्या २० मायक्रॉन, भोवती ४० मायक्रॉनची फट, फट सपाट उलगडून टूडी चॅनल केलाय. धमनीकडची भिंत ०.२ मायक्रॉन आत-बाहेर होते, बाहेरची भिंत स्थिर. भूल दिलेल्या उंदराचे ठोके सेकंदाला ५ धरले, नाडीची लाट सेकंदाला १ मीटर, व्हिस्कॉसिटी ०.७ मिलिपास्कल सेकंद. वोमर्सली नंबर (ठोक्यागणिक हलणाऱ्या प्रवाहात इनर्शिया, म्हणजे पाण्याचं जडत्व, व्हिस्कॉसिटीच्या तुलनेत किती ते सांगणारा आकडा) ०.३ च्या आत येतो त्यामुळे इनर्शियाचा प्रश्नच नाही, सरळ स्टोक्स, म्हणजे जडत्व सोडून दिलेलं समीकरण.

आता लाटेची लांबी येते २० सेंटिमीटर. मी आधी २० सेंटिमीटरचा चॅनल घेऊन दोन्ही टोकांना पिरिऑडिक बाउंड्री लावली (म्हणजे एका टोकातून बाहेर पडलेलं पाणी दुसऱ्या टोकातून परत आत येतं) आणि निव्वळ प्रवाह आला सेकंदाला ३७ मायक्रॉन, लाटेच्या दिशेने. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या लोकांनी जिवंत उंदरात मोजला तो सरासरी १८.७ मायक्रॉन. म्हटलं एवढ्या ढोबळ मॉडेलला दुप्पट फरक म्हणजे चांगलंच जमलं. पण गाइड म्हणाले की उंदराचा अख्खा मेंदू जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, त्यात २० सेंटिमीटरची धमनी आणलीस कुठून. मग १ मिलिमीटरचा तुकडा घेतला, दोन्ही टोकांना प्रेशर शून्य. तर पाणी नुसतं पुढे-मागे होतंय, टोकांशी ८० मायक्रॉन प्रति सेकंदापर्यंत जातं आणि परत येतं, आणि निव्वळ प्रवाह उणे ०.१, म्हणजे उलट्या दिशेने!

भिंत तीच, पाणी तेच, लाट तीच. मग रिपोर्टमध्ये कुठला आकडा लिहू? बायोच्या लोकांनीही लिहा प्लीज, तिकडची बाजू मला हवी आहे.

अनिरुद्ध_फ्लो

सायली, एमटेक म्हणतेस म्हणून अगंतुगं करतो, चालेल ना. धागा मस्त आहे, आकडे दिलेस ते फार बरं केलंस, नाहीतर लोक नुसतं 'माझं सिम्युलेशन चालत नाही' लिहून मोकळे होतात.

दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळे प्रश्न आहेत. पिरिऑडिक बाउंड्री लावलीस की तू २० सेंटिमीटरचा नाही तर अनंत लांबीचा चॅनल सोडवतेस, त्याला टोकच नाही. तिथे धमनीचा एक भाग फुगलेला असताना दुसरा कुठेतरी आकसलेला असतो आणि पाण्याला इकडून निघून तिकडे जायला जागा असते. तुझ्या १ मिलिमीटरच्या तुकड्यात काय होतं? १ मिलिमीटर म्हणजे लाटेच्या लांबीचा दोनशेवा भाग, ३६० अंशांतले २ अंशसुद्धा नाहीत. म्हणजे अख्खा तुकडा एकाच वेळी फुगतो आणि एकाच वेळी आकसतो, लाट पुढे सरकतेय हे त्या पाण्याला कळायला मार्गच नाही. फुगला की पाणी दोन्ही टोकांनी बाहेर, आकसला की दोन्ही टोकांनी आत, आणि मधोमध जवळपास काहीच हालचाल नाही. तुझ्या प्लॉटमध्ये मधोमध वेग शून्याजवळ दिसत असणार, बघ.

लुब्रिकेशन थिअरीने (लांबीच्या मानाने फट फार अरुंद असताना वापरायचं सोपं गणित) कागदावर काढलं तर अगदी सोपं सूत्र येतं. भिंतीची हालचाल भागिले फट, ते तुझ्याकडे ०.२ भागिले ४०, म्हणजे ०.००५. त्याचा वर्ग गुणिले दीड गुणिले लाटेचा वेग केला की अनंत चॅनलचा निव्वळ प्रवाह मिळतो, ३७.५ मायक्रॉन प्रति सेकंद. तुझा ३७ म्हणजे सॉल्व्हर ठीक आहे. आता लांबी मर्यादित केली आणि दोन्ही टोकांना प्रेशर शून्य ठेवलं की त्याला एक गुणक लागतो, १ वजा सिंक फंक्शनचा (साइन एक्स भागिले एक्स) वर्ग, आत एक्सच्या जागी π गुणिले लांबी भागिले वेव्हलेंग्थ. लांबी लहान असताना हा गुणक लांबीच्या वर्गाने कमी होतो. १ मिलिमीटरला निव्वळ प्रवाह येतो ०.००३ मायक्रॉन प्रति सेकंद. उंदराच्या मेंदूएवढी, १ सेंटिमीटर लांबी घेतलीस तरी ०.३. म्हणजे १८.७ च्या आसपाससुद्धा नाही.

आणि ३७ जमला म्हणून पिरिऑडिक मॉडेलच्या प्रेमात पडू नकोस. त्यात निव्वळ प्रवाह सोड, पुढे-मागे होणारा वेग किती येतोय ते काढून बघ आणि इथे लिही.

सायली_के

दादा खूप खूप धन्यवाद, सूत्र मी स्वतः काढून बघितलं, येतंय!! मधोमध वेग शून्यच आहे.

आणि पिरिऑडिकमध्ये पुढे-मागे होणारा वेग बघितला, तो ५००० मायक्रॉन आहे, म्हणजे सेकंदाला ५ मिलिमीटर. निव्वळच्या शंभरपटीहून जास्त. मी आत्तापर्यंत फक्त सायकलची सरासरी प्लॉट करत होते त्यामुळे हे समोर आलंच नव्हतं.

अनिरुद्ध_फ्लो

हेच पाहिजे होतं. ५ मिलिमीटर प्रति सेकंद आणि सेकंदाला ५ ठोके, म्हणजे पाण्यातला एखादा कण प्रत्येक ठोक्याला १६० मायक्रॉन पुढे आणि १६० मायक्रॉन मागे जाणार. फट ४० ची आणि कण ३२० च्या पट्ट्यात नाचतोय. मायक्रोस्कोपखाली असं काही दिसतं का हे डॉक्टर लोक सांगतील, पण मला वाटत नाही. तुझ्या छोट्या तुकड्यात हाच झोका टोकाशी अडीच मायक्रॉनचा येतो, तो पटण्यासारखा आहे.

म्हणजे लांब मॉडेलमध्ये निव्वळ प्रवाह जमतो पण झोका अशक्य, छोट्या मॉडेलमध्ये झोका जमतो पण निव्वळ प्रवाह गायब. रिपोर्टमध्ये लिहायची गोष्ट ही आहे, एकच आकडा निवडून लिहू नकोस.

मिरजेचा_डॉक्टर

गणितातलं मला फारसं सांगता येणार नाही पण मोजमापाची बाजू लिहितो. सायली, तुम्ही जो २०१८ चा पेपर म्हणताय त्यात १ मायक्रॉनचे चमकणारे मणी सीएसएफमध्ये सोडले होते, मानेच्या मागे कवटीखाली जी मोठी जागा असते तिथून, आणि कवटीला केलेल्या खिडकीतून मिडल सेरेब्रल आर्टरी या मेंदूच्या मोठ्या धमनीच्या फांद्यांभोवती ते वाहताना टिपले होते. मणी रक्ताच्याच दिशेने जातात, आणि ठोक्याबरोबर थोडे मागे-पुढे होत होत सरकतात. थोडेच. अनिरुद्ध म्हणतात तसे शेकडो मायक्रॉन मागे-पुढे होणारे मणी अजिबात नाहीत, तसे असते तर त्यांचा माग काढणंच अवघड झालं असतं.

त्याच कामात अजून एक गोष्ट होती, ती तुमच्या प्रश्नाशी थेट भिडते. उंदरांचं ब्लड प्रेशर औषधाने वाढवलं तेव्हा धमनीच्या भिंतीच्या हालचालीची तऱ्हा बदलली आणि निव्वळ प्रवाह कमी झाला. म्हणजे भिंतीचा काहीच संबंध नाही असं म्हणता येत नाही. लाट ढकलत नसेल पण भिंत कुठेतरी हात लावतेय.

टोचलेल्या सीएसएफच्या दाबानेच मणी ढकलले गेले असतील असा आक्षेप बऱ्याच जणांनी घेतला होता, आणि तो रास्त होता कारण उंदराच्या डोक्यात एकूण पाणीच किती, त्यात बाहेरून थोडं घातलं तरी दाब वाढतो. त्यावर २०२१ मध्ये त्याच गटाने एका सिरिंजने घालायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या सिरिंजने तेवढंच काढून घ्यायचं असं करून दाखवलं, प्रवाह तरीही तसाच राहिला. मला हा प्रयोग फार आवडतो, साधा आणि नेमका.

तुमच्या ४० मायक्रॉनबद्दल: ही फट मेलेल्या, फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या मेंदूत मोजायची नाही. प्राणी मेला की ही जागा आकसून जाते. जुन्या पुस्तकांत पीव्हीएस अगदी चिंचोळी दाखवतात त्याचं एक कारण हे आहे. तुम्ही जिवंत प्राण्यातला आकार घेतलाय, तो ठीक आहे. पण ती जागा धमनीभोवती सगळीकडे सारखी गोल नसते हे लक्षात असू द्या. पृष्ठभागावर ती दोन्ही बाजूंना पसरलेली असते, वर आणि खाली जवळजवळ चिकटलेली.

ओस्लोकर

डॉक्टरांच्या शेवटच्या मुद्द्याला +१. आकार लंबगोल धरला की त्याच क्षेत्रफळात प्रवाहाला होणारा अडथळा बराच कमी होतो, यावर २०१९ मध्ये वेगळं कामही झालंय. फटीच्या रुंदीचा घन येतो ना तिथे, त्यामुळे जिथे रुंद तिथूनच जवळपास सगळं पाणी जातं. सायली, सपाट चॅनल सुरुवातीला ठीक आहे पण रिपोर्टमध्ये हे एक वाक्य टाक.

आता मूळ प्रश्न. इथे ओस्लोत सिम्युला म्हणून संशोधन संस्था आहे, तिथल्या लोकांनी २०२० मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला होता, एकेक कारण वेगळं करून: नाडीची लाट, धमनीची जागेवरून होणारी हालचाल, आणि दोन टोकांमधला कायमचा छोटासा प्रेशर फरक. त्यांचं उत्तर असं आलं की उंदराच्या खऱ्या लांबीत एकट्या नाडीने निव्वळ प्रवाह फारसा होत नाही, पण अगदी थोडा कायमचा ग्रेडियंट दिला की मोजलेला वेग मिळतो. त्याच वर्षी अमेरिकेतल्या पेन स्टेटच्या गटानेही साधारण हेच म्हटलं, धमनीच्या ठोक्याने पाणी हलतं पण एका दिशेने पंप होत नाही. म्हणजे तुझं छोट्या तुकड्याचं उत्तर एकटं नाहीये.

किती थोडा ग्रेडियंट ते तूच काढ, पाच मिनिटांचं काम आहे. दोन पाट्यांमधला प्रवाह, वेग म्हणजे फटीचा वर्ग गुणिले ग्रेडियंट भागिले १२ वेळा व्हिस्कॉसिटी. वेग २० मायक्रॉन, फट ४०, तर ग्रेडियंट येतो मीटरला साधारण १०५ पास्कल. आणि आपली लांबी १ सेंटिमीटर, म्हणजे फरक फक्त १ पास्कलचा. १ पास्कल म्हणजे पाण्याच्या ०.१ मिलिमीटर उंचीचा दाब! जिवंत उंदराच्या मेंदूत दोन टोकांना एवढा फरक आहे की नाही हे मोजणारं साधन आणायचं कुठून.

आणि इथेच मला थोडं अडतं. ग्रेडियंट आपण हाताने घातला की उत्तर येणारच, त्याने काही सिद्ध होत नाही. मोजता येत नाही एवढा लहान आकडा, आणि तो घातला की सगळं जुळतं, हे जरा जास्तच सोयीचं आहे. तो ग्रेडियंट येतो कुठून हे सांगावं लागेल. सीएसएफ सतत तयार होतं, माणसात दिवसाला साधारण अर्धा लिटर, आणि ते कुठूनतरी बाहेर पडतं, म्हणजे काहीतरी ग्रेडियंट असणारच. पण मग ब्लड प्रेशर वाढवल्यावर प्रवाह का कमी झाला याचं उत्तर त्यात सरळ मिळत नाही. हा गुंता अजून सुटलेला नाही असं माझं मत.

नंदिनी_कोल्हापूर

मला यातलं गणित कळत नाही पण सगळा धागा वाचला. घरी सासूबाईंना विसरायला होतंय, म्हणून विचारते. झोपेत मेंदू धुतला जातो, झोप कमी झाली की घाण साठते असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते याच पाण्याबद्दल आहे का, आणि ते कितपत खरं?

मिरजेचा_डॉक्टर

नंदिनीताई, हो, याच पाण्याबद्दल. २०१२ मध्ये रॉचेस्टरच्या मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने ही कल्पना मांडली, की सीएसएफ धमन्यांभोवतून आत शिरतं, मेंदूच्या पेशींमधून जातं आणि शिरांच्या बाजूने कचरा घेऊन बाहेर पडतं. ग्लिम्फॅटिक हे नाव तेव्हापासूनचं. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं की उंदीर झोपला की पेशींमधली जागा साधारण ६० टक्क्यांनी वाढते आणि बीटा अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रथिन, लवकर निघून जातं. व्हॉट्सॲपवर फिरतं ते इथून आलेलं आहे.

पण २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या लोकांनी उंदरातच वेगळ्या पद्धतीने मोजलं आणि झोपेत व भुलीत हा निचरा उलट कमी होतो असं सांगितलं. वाद चालू आहे. माणसांत ओस्लोच्या हॉस्पिटलमधल्या एमआरआय अभ्यासांत पाठीच्या मणक्यातून दिलेला रंग मोठ्या धमन्यांच्या बाजूने मेंदूत शिरताना आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पसरताना दिसतो, एवढं नक्की. सासूबाईंची झोप नीट व्हावी हे बघाच, त्याला या वादाची वाट बघायची गरज नाही, पण विसरण्याची तपासणी न्यूरॉलॉजिस्टकडून रीतसर करून घ्या. थायरॉइड, बी १२, ऐकू कमी येणं अशी कारणं निघाली तर त्यांवर उपाय आहेत.

नंदिनी_कोल्हापूर

धन्यवाद डॉक्टर. बी १२ केलेलं नाही, या आठवड्यात करून घेते.

सायली_के

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मला कुठल्याच एका पेपरमध्ये मिळालं नसतं.

ओस्लोकर, ग्रेडियंट घालून बघितला, १०५ पास्कल प्रति मीटरला बरोब्बर २० आला. आता दोन गोष्टी विचारायच्यात. एक, टोकाला प्रेशर शून्य हे तरी खरं कुठेय? धमनी तिथे संपत नाही, पुढे फांद्या फुटतात, मग ती मेंदूच्या आत शिरते. मी कापलं म्हणून तिथे प्रेशर शून्य झालं असं थोडंच आहे. आणि दोन, ते उणे ०.१ चं काय करू, अनिरुद्ध दादांच्या सूत्राने ०.००३ यायला हवं आणि अधिक चिन्हाने.

ओस्लोकर

पहिल्या प्रश्नाबद्दल: अगदी योग्य ठिकाणी आलीस. अनंत लांबी म्हटलं तर पाण्याला हवी तेवढी मोकळीक, शून्य प्रेशर म्हटलं तर टोकाबाहेर जणू मोठा हौद. खरं म्हणजे पलीकडे पाण्याला अडथळाही आहे आणि थोडी लवचीक जागाही आहे. २०२२ मध्ये रॉचेस्टरवाल्यांनीच टोकांना असं केलं, पुढचं सगळं जाळं एक रेझिस्टन्स आणि एक कम्प्लायन्स म्हणून जोडलं, इलेक्ट्रिकलवाले रेझिस्टर-कपॅसिटर जोडतात तसं. त्याने झोका आवाक्यात येतो आणि मोजमापाशी ताळमेळ बसायला लागतो. तुझ्या कोडमध्ये हे अवघड नाही, टोकाचं प्रेशर दर टाइम स्टेपला मागच्या फ्लक्सवरून (छेदातून दर सेकंदाला जाणारं पाणी) अपडेट करायचं. पण रेझिस्टन्सचा आकडा कुठून घेतलास ते लिहायला लागेल, कारण धमनी आत शिरल्यावर फट किती, ती मोकळी आहे की तंतूंनी भरलेली, यावर तो कित्येक पटींनी बदलतो. मी असतो तर एक आकडा न धरता तीन-चार दशकांच्या पट्ट्यात फिरवून दाखवला असता. दशक म्हणजे दहापट बरं का.

अजून एक, नाडीशिवाय धमनी फार सावकाशही आकसते-फुगते, दहा सेकंदांतून एकदा वगैरे, आणि तेव्हा हालचाल नाडीपेक्षा पुष्कळ मोठी असते. २०२० मध्ये उंदरांत या संथ हालचालीचा निचऱ्याशी संबंध दाखवलाय. वेळ उरला तर तुझ्याच कोडमध्ये ५ च्या ऐवजी ०.१ हर्ट्झ टाकून बघ.

अनिरुद्ध_फ्लो

उणे ०.१ बद्दल. टोकाशी वेग ८०, तुला हवंय ०.००३. म्हणजे मोठ्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी होऊन चार-पाच अंक पुढे जे उरतं ते शोधतेस, तिथे सॉल्व्हरची टॉलरन्स आणि टाइम स्टेपचीच चूक वर तरंगते. उणे चिन्हाला काही अर्थ नाही. दोन चाचण्या कर. एक, चॅनलमध्ये दोन वेगवेगळ्या ठिकाणी पूर्ण सायकलचा सरासरी फ्लक्स काढ. पाणी कुठे साठत नाही म्हणजे दोन्ही सारखे यायलाच पाहिजेत, जेवढा फरक तेवढी तुझी चूक. दुसरं, टाइम स्टेप निम्मा कर, वेळेत पुढे सरकायला बॅकवर्ड ऑयलर पद्धत वापरत असशील तर जास्त अचूक क्रँक निकोलसन घे, आणि पहिल्या काही सायकली टाकून दे.

आणि सरासरी फ्लक्सचीच काढ, एका बिंदूवरच्या वेगाची नको. भिंत हलते म्हणून दोन्ही सारखे नसतात. तुझ्या पिरिऑडिक केसमध्येच बघ, छेदाचा सरासरी वेग एका जागी बसून मोजला तर ३७.५ ऐवजी २५ येईल, उरलेले साडेबारा म्हणजे स्टोक्स ड्रिफ्ट, ते पाण्याबरोबर वाहणाऱ्या कणालाच मिळतात. डॉक्टरांनी सांगितलेले मणी हे वाहणारे कण आहेत, त्यामुळे तुलना करायची ती कणांशी.

सायली_के

पिरिऑडिकमध्ये २५ आला! आणि छोट्या तुकड्यात क्रँक निकोलसन घेऊन टाइम स्टेप निम्मा केल्यावर उणे ०.१ चं अधिक ०.०१ झालं, दोन छेदांमधला फरक अजून ०.०२ आहे.

अनिरुद्ध_फ्लो

फरक ०.०२ आणि उत्तर ०.०१, म्हणजे लिहायचं काय तर 'निव्वळ प्रवाह ०.०२ मायक्रॉन प्रति सेकंदापेक्षा कमी'. ०.००३ पर्यंत पोचायच्या मागे लागू नकोस, तेवढ्यासाठी कागदावरचं सूत्र आहे. आता १ मिलिमीटर, ५ मिलिमीटर, १, २, ५, १० आणि २० सेंटिमीटर अशा लांब्या घेऊन निव्वळ प्रवाह लॉग-लॉग वर काढ, बाजूला झोक्याचा वेगही काढ, आणि मोजलेला १८.७ आडव्या रेषेने दाखव. मग ओस्लोकर म्हणाले तो टोकाचा रेझिस्टन्स जोडून तोच ग्राफ परत. कोड आणि केस फाइल्स कुठे टाकल्यास तर लिंक इथेच दे, मला ०.१ हर्ट्झची केस स्वतः चालवून बघायची आहे.